दुसरा अपूर्णांक

प्रिय सानू,

संभाव्यतेच्या गणितांबद्दल तू विचारलंस, "घटना स्वतंत्र असतील तर गुणायचं, मग अवलंबी असतील तर काय करायचं?" स्वतंत्र म्हणजे एकीचा दुसरीवर परिणाम होत नाही अशा, अवलंबी म्हणजे होतो अशा. तर बाई, तिथेही गुणायचंच. फरक पडतो तो फक्त दुसऱ्या अपूर्णांकात, आणि तुझं गणित नेमकं तिथेच चुकलंय.

तुझीच पिशवी घेऊ. ३ लाल आणि २ निळे चेंडू. न बघता एक काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता ३/५. तो परत टाकला, पिशवी हलवली आणि पुन्हा एक काढला. पिशवी जशीच्या तशी आहे, म्हणून दुसऱ्यांदाही ३/५. दोन्ही लाल येण्याची संभाव्यता ९/२५. आता पहिला लाल चेंडू बाहेरच ठेवला तर? आत उरले चार, त्यातले लाल दोन. मग दुसरा अपूर्णांक २/४ आणि उत्तर ३/५ × २/४, म्हणजे ३/१०. तू दोन्हीकडे ९/२५ लिहून मोकळी झालीस. 'परत न ठेवता' हे शब्द उदाहरणात होते, ते घाईत वाचायचेच राहिले बहुतेक.

पण या पिशवीतली खरी गंमत पुढेच आहे. समज, पहिला चेंडू काढलास आणि न बघताच मुठीत झाकून ठेवलास. आता दुसरा काढायचा. तो लाल असण्याची संभाव्यता किती? पुष्कळ जण म्हणतील, पहिला कोणता ते कळल्याशिवाय कसं सांगणार? येतं सांगता. पहिला लाल आणि दुसराही लाल: ३/५ × २/४ = ६/२०. पहिला निळा आणि दुसरा लाल: २/५ × ३/४ = ६/२०. बेरीज १२/२०, म्हणजे पुन्हा ३/५! एक चेंडू पिशवीतून गेला तरी उत्तर हललं नाही, कारण तुला नवीन काहीच कळलेलं नाही. मूठ उघडून बघ, की ते लगेच २/४ होईल नाहीतर ३/४. संभाव्यता नुसती पिशवीत नसते, आपल्याला काय माहीत आहे यातही असते. मला हा भाग फार आवडतो, म्हणून इतकं लांबण लावलं.

नाण्याचं त्यामानाने सरळ आहे. सलग पाच वेळा छापा पडला तरी सहाव्या वेळी १/२च. कळतं सगळ्यांना, वळत नाही. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. "आता तरी लाल येणारच" म्हणत लोक लालवर पैसे लावत गेले आणि लाखो फ्रँक घालवून बसले. चाकावर ३७ घरं: १८ लाल, १८ काळी, एक शून्याचं. आधी काय आलं होतं याचा चाकाला पत्ताही नसतो. दर फेरीला लालची संभाव्यता १८/३७, ना कमी ना जास्त.

याच्या उलटही चूक होते, म्हणजे अवलंबी घटनांना स्वतंत्र धरण्याची, आणि ती जास्त वाईट. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईवर आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. बाळं झोपेत आपोआप दगावली असतील का, असा प्रश्न होता. एका तज्ज्ञ डॉक्टरने साक्षीत सांगितलं की अशा कुटुंबात एक बाळ असं दगावण्याची शक्यता ८५४३ मध्ये १. दोन बाळांसाठी त्या संख्येला त्याच संख्येने गुणलं आणि आकडा आला सुमारे ७ कोटी ३० लाखांत १. आईला जन्मठेप झाली. आता तूच बघ. भावंडं एकाच आईबापांची, एकाच घरातली. पहिल्याच्या मृत्यूमागे रक्तातलं किंवा घरातलं काही कारण असेल, तर ते दुसऱ्यालाही लागू होऊ शकतं. मग दुसरा अपूर्णांक पहिल्याइतकाच लहान कसा धरायचा? २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही, असं जाहीर सांगितलं. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याचं मुख्य कारण दडून राहिलेले वैद्यकीय अहवाल हे होतं, पण त्या आकड्याबद्दलही न्यायालयाने नापसंती नोंदवली. (त्यात आणखीही एक घोळ आहे, तो तू दहावीत गेलीस की सांगेन.)

तेव्हा पुस्तकात 'स्वतंत्र' असं लिहिलेलं नसेल, तर गुणण्याआधी एकदा थांब. पहिली गोष्ट झाली असं धरून दुसऱ्यासाठी काय उरलंय ते मोज आणि मगच दुसरा अपूर्णांक लिही.

आता एक उदाहरण तुझ्यासाठी. तीच पिशवी, चेंडू परत न ठेवता दोन काढले. पहिला मुठीत झाकलेलाच आहे, दुसरा बघितला तर लाल निघाला. मग पहिला लाल असण्याची संभाव्यता किती? सूत्र शोधत बसू नकोस. चेंडूंना १ ते ५ नंबर दे, पहिला-दुसरा अशा सगळ्या २० जोड्या कागदावर मांड, दुसरा लाल नसलेल्या खोडून टाक आणि उरलेल्या मोज. उत्तराबरोबर तो कागदही पाठव.

तुझी,
आई