मार्गदर्शकाने कमी बोलावे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत ध्यानधारणेविषयी आलेले लेख आवडीने वाचले. विपश्यना, योगनिद्रा आणि मोबाइलवर ऐकायची ध्वनिमुद्रित ध्याने यांची त्यांत सविस्तर माहिती होती. ख्रिस्ती प्रार्थना मात्र ‘देवाकडे मागणे’ एवढ्या एका ओळीत आटोपली होती. ठाण्यात आणि नवी मुंबईत ‘मार्गदर्शित प्रार्थना’ या नावाने जे कार्यक्रम होतात, त्यांना आम्हा ख्रिस्ती मंडळींबरोबर इतर धर्मांचे शेजारीही कुतूहलाने येतात. ही प्रार्थना मुळात काय आहे ते सांगावे आणि अलीकडे तिचे जे होऊ लागले आहे त्याविषयीची तक्रारही मांडावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

देवाच्या प्रीतीवर मौनाने चिंतन करण्याची रीत ख्रिस्ती मठांत फार जुनी आहे. बायबलातला लहानसा उतारा सावकाश वाचायचा, मनाला भिडलेले वचन घोळवायचे, त्यातून प्रार्थना करायची आणि अखेरीस नुसते देवापुढे बसून राहायचे, या चार पायऱ्या गीगो नावाच्या मठवासीयाने बाराव्या शतकात मांडल्या. एकाने दुसऱ्याला या वाटेवरून कसे न्यावे, याची नीट आखणी केली ती लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी. 1521 साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेले हे सरदार पुढे येशूसंघाचे (जेझुइट धर्मसंघाचे) संस्थापक झाले, आणि त्यांच्या ‘आध्यात्मिक साधने’ला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली. हे पुस्तक साधकाने वाचत बसण्याचे नाहीच. साधना देणाऱ्याने, म्हणजे मार्गदर्शकाने, हाताशी ठेवायची ती टिपणे आहेत.

सुमारे तीस दिवसांच्या त्या एकांतसाधनेचा शेवट देवाच्या प्रीतीवरील चिंतनाने होतो. प्रीती शब्दांपेक्षा कृतीत दिसावी, असे इग्नेशियस तेथे आरंभीच बजावतात. मग साधकाने आजवर आपल्याला काय काय मिळाले ते आठवायचे. देव झाडाझुडपांत, पशुपक्ष्यांत आणि आपल्यातही वस्तीला आहे हे पाहायचे. तो तेथे नुसता राहत नाही, तर आपल्यासाठी राबतो हे ध्यानात घ्यायचे. आणि जे जे चांगले आहे ते ज्या उगमातून येते तिकडे मन वळवायचे. यातला राबण्याचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पहाटे उठून डबे भरणाऱ्या आणि कळव्याहून गर्दीत लोंबकळत कामाला जाणाऱ्या माणसाला सिंहासनावरच्या देवापेक्षा राबणारा देव लवकर आपला वाटतो.

आता तक्रारीकडे येते. साधना देणाऱ्याने प्रसंग थोडक्यात सांगून थांबावे, कारण पुष्कळ माहितीने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो, असे इग्नेशियस यांनी अगदी सुरुवातीच्या सूचनांत लिहून ठेवले आहे. आणखी पुढे ते म्हणतात की, त्याने तराजूच्या काट्यासारखे मध्ये स्थिर राहावे, कोणत्याही बाजूला झुकू नये, निर्मात्याला आपल्या लेकराशी थेट व्यवहार करू द्यावा. आपल्याकडे आज उलट चालले आहे. सभागृहात मंद सुरांत सिंथेसायझर वाजत असतो, डोळे मिटायला सांगितले जाते आणि मग ध्वनिक्षेपकावरून अखंड निवेदन सुरू होते: आता तुमचे ओझे उतरत आहे, आता देव तुम्हाला कवेत घेत आहे, आता डोळे भरून येत आहेत. ज्याचे डोळे भरून येत नाहीत त्याने काय करावे, हे कोणी सांगत नाही. शेवटी मिनिटभर शांतता मिळते, आणि तेवढ्यात पुढच्या गीताची सूचना येते.

याउलट आमच्या भागातील काही मोजकी माणसे चर्चच्या सभागृहात जमतात तेव्हा काय होते, ते सांगते. एकदा लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला वाचला गेला: सारे उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप धावत जाऊन कवेत घेतो आणि मेजवानी देतो, घरी राबलेला थोरला मात्र रुसून बाहेरच राहतो. वाचणाऱ्या सिस्टरांनी फक्त विचारले, “या गोष्टीत तुम्ही कोठे उभे आहात?” आणि त्या खाली बसल्या. मग अर्धा तास कोणी बोलले नाही. बाहेर वरातीपुढे बँजो वाजत होता आणि सुरुवातीला मला त्याचा रागच आला. पण त्या दाखल्यातला थोरला मुलगाही शेतातून परतताना घरातले वाजणे आणि नाचणेच ऐकतो, तेव्हा तो बँजो तसा वेळेवरच वाजला म्हणायचा. नंतर एका रुग्णसेविकेने सांगितले की, धावत येणारा बाप तिला दिसलाच नाही. ती सारा वेळ अंगणात त्या थोरल्यापाशी उभी होती, कारण आजारी आईचे सारे तिनेच केले आणि कौतुक मात्र दूर राहणाऱ्या भावाचे झाले. बाप त्या थोरल्यासाठीही घराबाहेर येतो आणि त्याची समजूत घालतो. पुढे तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. ही मोकळी ठेवलेली जागा जो मार्गदर्शक आपल्या निवेदनाने भरून टाकतो, तो त्या बाईची प्रार्थनाच हिरावून घेतो.

डोळे मिटणे, श्वासाकडे लक्ष देणे हे आपले नव्हे, असा आक्षेप आमच्यातलेच काही घेतात. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय फादर अँथनी डिमेलो यांनी या भारतीय पद्धती ख्रिस्ती प्रार्थनेत मोकळेपणाने वापरल्या. व्हॅटिकनने 1989 मध्ये पत्रक काढून सावध केले, त्यातला एक इशारा असा की, तंत्राने आलेल्या स्वस्थतेलाच कोणी प्रार्थना समजू नये. मला तो इशारा श्वासापेक्षा सिंथेसायझरला अधिक लागू वाटतो.

भाषेचेही बोलले पाहिजे. मी पाहिलेले यातील बहुतेक कार्यक्रम इंग्रजीत होते. याच येशूसंघाच्या फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापून आणली, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने मराठी उपासनांत आजही म्हटली जातात, आणि तरीही ठाण्यातल्या मराठी माणसाने ध्यानाला बसताना मनातल्या मनात भाषांतर करत राहावे, हे पटत नाही. मार्गदर्शकाला दोनच वाक्ये बोलायची असतील, तर ती मराठीत बोलणे अवघड नसावे.

वेळेची सबबही इग्नेशियस यांनी ठेवलेली नाही. संसारात आणि कामकाजात गुंतलेल्यांना महिनाभराचा एकांत जमत नसेल, तर रोज दीड तास काढून हीच साधना घरी करावी, अशी सोय त्यांनी करून ठेवली आहे. ठाण्याहून सीएसएमटीला जाऊन येण्यात साधारण तेवढाच वेळ जातो. दीड तास नाही, तर त्यातला अर्धा तास तरी, बसायला जागा मिळाली तर, या कामी लावता येईल.

आयोजकांनी निदान एक करावे: कार्यक्रमपत्रिकेत गीते आणि वक्ते छापतात तसे मौन किती वेळ असेल तेही छापावे. आणि आपल्याला एक विनंती. ईस्टरपूर्वीच्या येत्या उपवासकाळात पुरवणीत आठवड्यातून एकदा शुभवर्तमानातला एखादा प्रसंग आणि त्याखाली एकच प्रश्न, एवढी जागा द्यावी. स्पष्टीकरण छापू नये.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे (पश्चिम)