आग कोणत्या वर्गाची, हे कामगाराला कळू द्या

महोदय,

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हापासून कोल्हापुरात आगीचा विषय निघाला की त्याच घटनेची आठवण निघते. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांतल्या रोजच्या धोक्याबद्दल मात्र क्वचितच बोलले जाते.

मी काम करत असलेल्या कारखान्यात एकदा विजेच्या पॅनलने पेट घेतला आणि नुकताच लागलेला एक मुलगा पाण्याची बादली घेऊन धावला. कोणीतरी त्याला मागे ओढले, म्हणून तो वाचला. मुख्य स्विच बंद करायचे कोणाला सुचले नाही, आणि दहा पावलांवरच्या, आग विझवण्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरपुढे खोकी रचलेली होती.

लाकूड, कागद, कापडाची ‘ए’ वर्गाची आग पाण्याने विझते. डिझेल किंवा थिनरच्या ‘बी’ वर्गाला फेस अथवा पावडर लागते. ‘सी’ म्हणजे गॅस; तिथे आधी व्हॉल्व्ह बंद केला पाहिजे, कारण गळती चालू ठेवून नुसती ज्योत विझवली, तर साठलेल्या गॅसचा स्फोट होऊ शकतो. कॅन्टीनमधल्या पेटत्या तेलावर तर पाणी कधीच टाकू नये.

फाउंड्रीवाल्यांनी, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतणाऱ्यांनी, विशेष लक्ष द्यावे असा वर्ग ‘डी’, म्हणजे धातूंची आग. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी पडले की हायड्रोजन तयार होतो, आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही ते जळतच राहते. त्यासाठी विशेष पावडर किंवा पूर्ण कोरडी वाळू हवी. ‘आमच्याकडे वाळूचे ढीगच आहेत’ असे आपण सहज म्हणतो, पण साच्याची वाळू ओलसर असते, हे विसरतो. कोरडी वाळू वेगळ्या झाकणबंद पिंपात ठेवावी.

२००६ च्या राज्य अधिनियमानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. मात्र त्या कागदाने सिलिंडरची पिन कशी काढायची हे कोणाला शिकवले जात नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला दाबाचा काटा नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो, हेही अनेकांना ठाऊक नसते.

माझी कारखानदारांना विनंती आहे, की पावडरचे सिलिंडर पुन्हा भरण्यासाठी रिकामे करायचेच असतात, तेव्हा ते मोकळ्या आवारात, जाणकाराच्या देखरेखीखाली, कामगारांच्या हातून रिकामे करून घ्यावेत, आणि त्यात रात्रपाळीचे व कंत्राटी कामगार आवर्जून असावेत.

आपला,
एक फाउंड्री कामगार, कोल्हापूर