पेपर्ट यांचे स्वप्न हे नव्हे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीत मुलांच्या हाती संगणक देऊ पाहणारे गणितज्ञ सेमूर पेपर्ट यांच्यावर पानभर लेख आला, आनंद वाटला. पण शेवटचा परिच्छेद वाचून संताप आला. शाळाशाळांत लागलेले स्मार्ट बोर्ड म्हणजे पेपर्ट यांचे स्वप्न साकार झाले, असे लेखक लिहितात. हे साफ चूक आहे. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंबरोबर काम करून अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात गेलेल्या, १९६७ साली सहकाऱ्यांसह लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा घडवणाऱ्या या माणसाचा सारा भर एकाच गोष्टीवर होता: संगणकाला काय करायचे ते मुलाने सांगायचे. १९८० साली त्यांनी यावर पुस्तक लिहिले. लेखात त्याचे नाव आहे, त्यातला मुद्दा मात्र नाही.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत संगणक आले, तेव्हा मी त्यांवर लोगो घालून घेतले. त्यात पडद्यावरच्या कासवाला 'इतके पुढे जा, इतके अंश वळ' असे सांगायचे, की ते चालते तिथे रेघ उमटते. सातवीतल्या एका मुलीला समभुज त्रिकोण काढायचा होता. आतला कोन ६० अंशांचा, म्हणून तिने कासवाला कोपऱ्यावर ६० अंश वळायला लावले. त्रिकोण मिटेना. ती बाजू वाढवत गेली तर षटकोन झाला! मी मुद्दाम बोललो नाही. ती उठली, व्हरांड्यात खडूने त्रिकोण आखून त्यावरून स्वतः चालली आणि धावत येऊन म्हणाली, "गुरुजी, वळायचं १२० आहे!" बाह्यकोन मी जन्मभर फळ्यावर शिकवला, पण तो असा कुणाच्या अंगात भिनलेला पाहिला नव्हता.

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी 'हे अभ्यासक्रमात कुठे आहे?' म्हणून ते बंद करायला लावले. खोलीला कुलूप लागले ते लागलेच. त्या मुलीच्या मागून आलेल्या एकाही वर्गाला कासव दिसले नाही, याचे दुःख मला अजून आहे.

आज तिथे स्मार्ट बोर्ड आहे. त्यावरचे धडे कन्नड आणि इंग्रजीत. मराठी माध्यमाची पोरे हाताची घडी घालून नुसती चित्रे बघतात. कळ दाबायचीही त्यांना मुभा नाही. याला पेपर्ट यांचे नाव देणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. कृपया दुरुस्ती छापावी.

आणि गणिताची मराठी पुस्तके यंदाही शाळा सुरू होऊन कितीतरी दिवस झाले तरी सगळ्या मुलांच्या हाती पडलेली नाहीत. शाळेच्या विकास व देखरेख समितीने (एसडीएमसी) अर्ज दिला, उत्तर नाही. त्याची बातमी आपल्या पानावर का येत नाही?

— एक निवृत्त गणित शिक्षक, खानापूर (जि. बेळगाव)