बिल्बाओहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोन मध्येच ठेवला म्हणून तू घाबरली असशील. ताप उतरलाय. थोडा खोकला आहे, तो इथल्या पावसाचा. या भुरभुर पावसाला इथले लोक चिरिमिरी म्हणतात, खरंच! बाबांनी कचेरीत जन्मभर जी नाकारली, ती मला रोज मिळते. जेवण-खाण, ऑफिस तुम्हाला माहीतच आहे, ते परत लिहीत नाही.

बाबा, रात्री नऊच्या फुटबॉल मॅचला एकटी का गेलीस म्हणून तुम्ही रागावलात. एकटी नव्हते. घरमालकीण आजी सोबत होत्या, आणि आजूबाजूला नातवंडं घेऊन आलेल्या कितीतरी आज्या. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात, तेव्हा नाही वाटली भीती?

इथली एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट सांगायची आहे. हा अ‍ॅथलेटिक क्लब 1898 सालचा. इंग्लंडहून आलेले गोदी कामगार आणि तिकडे शिकून परतलेली इथली पोरं, यांनी फुटबॉल इथे रुजवला. आता त्यांचा नेम असा, की संघात फक्त बिल्बाओभोवतीच्या या बास्क मुलखातली पोरं घ्यायची. म्हणजे इथे जन्मलेली, नाहीतर इथल्या मैदानांवर घडलेली. समजा, आपल्या पाटाकडील तालमीच्या संघाने ठरवलं की पेठेबाहेरचा एकही गडी घ्यायचा नाही, आणि तरी देशातल्या सगळ्यात वरच्या स्पर्धेत टिकून दाखवायचं! 1929 पासून यांचा संघ एकदाही खालच्या विभागात घसरलेला नाही. असे स्पेनमध्ये तीनच क्लब, बाकीचे दोन रिआल माद्रिद आणि बार्सिलोना.

यात रक्त बघतात असं समजू नका. इथला खेळाडू इन्याकी विल्यम्सचे आई-वडील घानाहून वाळवंट तुडवत आले, तो जन्मला बिल्बाओत. लीगमध्ये सलग 251 सामने खेळला. आजी त्याला ‘आमचा पोरगा’ म्हणतात. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत 1941 साली इंग्रजी नाव चालणार नाही म्हणून क्लबचं नाव बदलायला लावलं, ते 1972 मध्ये परत मिळालं. हे सांगताना आजींचा आवाज अजून चढतो.

आणि इथली एक फुलांची रीत. मैदानात पिचिची या क्लबच्या जुन्या खेळाडूचा अर्धपुतळा आहे. सान मामेस या क्लबच्या मैदानावर 1913 साली पहिला गोल त्यानेच केला, आणि 1922 मध्ये टायफसने गेला, तिशीही गाठली नव्हती. बाहेरचा संघ इथे पहिल्यांदा खेळायला आला की त्यांच्या कप्तानाने आधी त्याच्यापुढे फुलं ठेवायची. शत्रुपक्षाने, बाबा! तालमीत पाऊल ठेवलं की आधी मारुतीला हात जोडायचे, अगदी तसंच. मला तिथे एकदम आपल्या तालमीतल्या शेंदराचा वास आल्यासारखं वाटलं.

2024 मध्ये चाळीस वर्षांनी स्पेनच्या राजाचा चषक (कोपा देल रे) जिंकला, तेव्हा संघ गबारा नावाच्या पडावात बसून नदीतून आला. आजी यजमानांचा फोटो पदराखाली धरावा तसा कोटाखाली धरून काठावर उभ्या होत्या, त्यांना दाखवायला. लापोर्त म्हणून एक खेळाडू 2018 ला मँचेस्टरला गेला होता, तो 2025 मध्ये परत आला. मी विचारलं, तेव्हा पैशासाठी गेला, राग नाही आला? आजी म्हणाल्या, “पोर परत आलं की मागचं काढायचं नसतं.” त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

असो. पैसे पाच तारखेला पाठवलेत. घराचा हप्ता त्यातून जाईल, उरलेले गुडघ्याच्या ऑपरेशनचे. ऑपरेशन पुढे ढकलू नका, मी येईपर्यंत तर मुळीच नको. दादाच्या लग्नाला आठ दिवसांची सुट्टी मागितलीय. मिळाली तर हळदीला पोचते, नाही तर अक्षतांना. तो काही बोलला नाही, पण मला कळलं. सांगलीच्या स्थळाला नाही म्हणून कळव आई, माझ्या नावाने कळव. मुलगा चांगला आहे, माझंच इथलं काम अजून दोन वर्षं आहे.

दादाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घेतलाय. बाबांचं माप कळवा.

तुमची,
रेवा