आधी झोपेचे तास ठरवा

महोदय,

मुलांच्या मोबाइलवरून घरोघरी वाद होतात. पण झोप, खेळ आणि स्क्रीन हे तिन्ही एकमेकांचाच वेळ खातात, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरदार हालचालीची शिफारस केली. किशोरवयात ८ ते १० तास झोप लागते. या वयात झोप येण्याची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. त्यात पांघरुणाखाली मोबाइल उजळलेला आणि शाळा सकाळची असली, की कात्री झोपेलाच लागते आणि पेंगुळलेले मूल संध्याकाळी मैदानाकडे फिरकत नाही. म्हणून रात्री सर्वांचेच, अगदी आईवडिलांचेही, मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला लावावेत आणि शाळांनी खेळाचा तास गणिताला देणे थांबवावे.

– एक पालक