कडेवरच्या मुलाचा बर्थ

पुणे,
12 मे

प्रिय मंदार,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लांबलं, कारण मधे ग्वाल्हेरला मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती आणि आम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन गाडीने जाऊन आलो. तेव्हा तुझ्याशी भांडायला माझ्याकडे आता ताजा दारूगोळा आहे.

तू लिहिलंस, तिकडे जर्मनीत आयसीई ह्या वेगवान गाड्यांमध्ये तान्ह्या मुलांच्या कुटुंबांना वेगळा कप्पा मिळतो, बाबागाडीला जागा असते, आधी रिझर्व्हेशन करता येतं. स्वित्झर्लंडच्या दुमजली गाडीत तर वरच्या मजल्यावर घसरगुंडी. मग आपल्या लांबच्या गाड्यांना लेकुरवाळ्यांचा एक स्वतंत्र डबा जोडायला काय हरकत आहे? मुग्धाला हे वाचून दाखवलं. म्हणाली, "भावजींना म्हणावं, पहिल्या रात्री त्या डब्यात तुम्हीच झोपून दाखवा."

गंमत सोड, पण तिचं खरं आहे. थ्री टियर एसीच्या डब्यात 72 बर्थ. त्यात वीस-पंचवीस पोरं कोंबली, की एकाने सूर लावला की बाकीची साथ द्यायला तयारच. रात्रभर कोणाच्या डोळ्याला डोळा नाही. तुमचा तो कप्पा चार-दोन तास बसून जाणाऱ्यांचा. आपल्याकडे गाडीत झोपायचं असतं, आणि पुणे-ग्वाल्हेर म्हणजे जवळजवळ अख्खा दिवस.

दुसरं असं, की आपल्या गाडीत मूल सांभाळतात ते बहुतेक वेळा परकेच. खंडव्याला पहाटे एक आजी चढल्या. आम्हाला त्यांची भाषा निम्मी कळत होती, आमच्या तान्ह्या ओमला पूर्ण कळत होती. इटारसीपासून भोपाळपर्यंत त्यांनी त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. स्टीलच्या डब्याचं झाकण आणि एक चमचा हातात दिला, त्याने ते बडवलं, आणि दर वेळी आजींनी "अरे बाप रे!" म्हणून दचकून दाखवलं. शंभर वेळा तरी दचकल्या असतील. तेवढ्या वेळात मुग्धा जी झोपली, ती भोपाळच्या चहावाल्यांच्या गलक्यानेही उठली नाही. तुझ्या स्वतंत्र डब्यात ह्या आजी कुठून येणार? तिथे सगळेच झोपेला आसुसलेले आईबाप.

बरं, सगळं असं गोड गोड होतं असंही समजू नकोस. मनमाड ते भुसावळ ओम रडत होता. खांद्यावर घेऊन दारापर्यंत फेऱ्या, शर्टाला लाळ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय तुडवणं, सगळं झालं. आमच्या समोरच्या अप्परवर एक विशीतला मुलगा होता. सकाळी भोपाळला उतरून त्याला परीक्षेला जायचं होतं. रात्रभर तो कूस बदलत राहिला, एक शब्द बोलला नाही. तो खेकसला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यालाही झोपेचा हक्क होताच की. तुझा मुद्दा मला पटतो तो इथे.

पण खरी गोची कुठे आहे सांगू? बर्थच्या वाटपात. आम्ही आमच्या लेकीचं, सईचं पूर्ण तिकीट काढलं होतं, म्हणजे चार बर्थ. 2016 च्या एप्रिलपासून पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. अर्धं तिकीट काढलं तर बर्थ नाही, तुमच्यातच झोपवा. पैसे वाचवायला पुष्कळ जण अर्धंच काढतात, आणि मग त्या जेमतेम दोन फुटी फळीवर आई, एक मोठं आणि एक तान्हं. आम्हाला चार मिळाले खरे, पण कसे? आईला वयामुळे लोअर, मला त्याच कंपार्टमेंटमध्ये मिडल, उरलेल्या दोघींपैकी एकीला पलीकडे अप्पर आणि एकीला साइड अप्पर. आता सहा वर्षांची सई साइड अप्परवर एकटी झोपणार, की दहा महिन्यांच्या ओमला घेऊन मुग्धा शिडी चढणार?

शेवटी व्हायचं तेच झालं. लोअर मुग्धा-ओमला गेला, आणि अडुसष्ट वर्षांची माझी आई "मी चढते रे" म्हणत मिडलवर. तिला वर ढकलताना मला काय वाटलं ते लिहीत नाही. सईला मी पलीकडच्या अप्परवर कुशीत घेतलं. त्याआधी समोरच्या लोअरवरच्या गृहस्थांना विचारून पाहिलं होतं. त्यांनी पँट वर करून गुडघ्याचा पट्टा दाखवला. तू म्हणशील, माणुसकी राहिली नाही. अरे, त्यांचं बरोबरच होतं. एका लोअरसाठी म्हातारी, गुडघेवाला आणि तान्हं बाळ अशी तिघांची झुंज लावून द्यायची आणि वर माणुसकीची परीक्षा घ्यायची, हा कुठला न्याय?

लोअर बर्थचा कोटा कोणाला? ज्येष्ठ नागरिकांना, 45 वर्षांपुढच्या बायकांना आणि गरोदर बायकांना. म्हणजे बाळ पोटात आहे तोवर खालचा बर्थ, बाहेर आलं की तुमचं तुम्ही बघा! आणि ऑनलाइन तिकीट काढताना पाचाखालच्या मुलाचं नाव घालायची सोय असते, बर्थ नको असलेलं मूल म्हणून. म्हणजे ह्या तिकिटावर तान्हं मूल आहे हे कॉम्प्युटरला आधीच सांगता येतं. त्याचा उपयोग करा एवढंच माझं मागणं. स्लीपरमध्ये महिलांसाठी सहा बर्थचा कोटा आहेच, तसाच प्रत्येक डब्यात एकच कंपार्टमेंट ज्यांच्या तिकिटावर असं नाव आहे त्यांच्यासाठी ठेवा. संडासाजवळचं नको, दारापासून दुसरं-तिसरं चालेल. चार्ट लागेपर्यंत कोणी आलं नाही तर वेटिंगवाल्यांना द्या. आजी चार पावलांवर राहतील आणि परीक्षेच्या पोराला डब्याचं दुसरं टोक मिळेल. वेगळा डबा जोडायला नको, घसरगुंडी तर नकोच. आपल्याकडे अप्परची शिडी असतेच, सई त्यावरून दहा वेळा घसरली.

रेल्वेने काहीच केलं नाही असंही नाही. 2016 मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री, आपल्या सुरेश प्रभूंनी जननी सेवा सुरू केली होती, स्टेशनवर गरम दूध, गरम पाणी, बाळाचं खाणं मिळावं म्हणून. 2022 च्या मे महिन्यात लखनौ मेलच्या दोन लोअर बर्थना कडेला घडीचे छोटे बेबी बर्थ लावून पाहिले, बाळ पडू नये म्हणून अडसरासकट. कल्पना चांगलीच. पण मला आपल्या बायकांची झोळी जास्त पटते. स्लीपरमध्ये मिडल बर्थच्या साखळ्यांना जुनी साडी बांधतात, गाडीच आपोआप झोका देते. मुलाला वारा लागतो, आईचे दोन्ही हात मोकळे. आणि डायपर बदलायला तुमच्याकडे असते तशी घडीची फळी इथे असती तर मी त्या इंजिनिअरच्या पाया पडलो असतो. आम्ही बर्थवर वर्तमानपत्र पसरून काम भागवलं, समोरच्यांनी खिडकीबाहेर बघून सहकार्य केलं.

आता तुझं. डिसेंबरात येताय आणि कोकणात गाडीनेच जायचं म्हणतोयस, तर तारीख आत्ताच पक्की कर. रिझर्व्हेशन आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, सकाळी आठला, आणि सुट्टीच्या दिवसांत काही मिनिटांत संपतं. अन्वी पाचाच्या आत आहे म्हणून फुकट न्यायचा मोह नको. बर्थ हवा म्हणून तिचं पूर्ण भाडं भर, निदान तुझे पाय तरी सरळ होतील. पासपोर्टवरची तिची जन्मतारीख पाठव, तिकिटं मी काढतो. साइड अप्पर आला तर तो तुझा.

वहिनींना नमस्कार, अन्वीला पापा. आई विचारतेय, मेथीचं पीठ संपलं का?

तुझा,
श्रीपाद