1 जूनच्या आधी कळावं म्हणून

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाहेरून कानावर येण्याआधी मीच सांगते. सोमवारी मी एका फौजदाराचं वकीलपत्र घेतलं. ड्युटीवर असताना त्याने झाडलेल्या गोळीने एक आरोपी मेला. आता त्याच्यावर खुनाचा खटला आहे. सही झाली आहे, बाबा. मागे घेणार नाही.

हे वाचून तुम्ही काही न बोलता माडीवर जाल. जेवून मग जा.

पंचनाम्याला नेलेला आरोपी अंगावर धावून आला म्हणून गोळी झाडली, असं त्याचं म्हणणं आहे. स्वसंरक्षण होतं हे दाखवायचा भार कायद्याने त्याच्यावरच टाकलाय. सरकारी मंजुरीचा मुद्दाही मी मांडणार, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 197, नव्या संहितेत 218. कर्तव्य बजावताना घडलेल्या कृत्याची दखल कोर्टाला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. तुम्हाला हेच सगळ्यात जास्त लागेल. पण मंजुरी मिळाली की खटला उभा राहतोच.

इथे धारवाडला दोघा वकिलांनी त्याला नाही म्हटलं. कोइमतूरच्या वकिलांनी पोलिसांची केस घ्यायची नाही असा ठरावच केला होता. 2010 साली सुप्रीम कोर्टाने तो रद्दबातल ठरवला. मलाही नाही म्हणता आलं असतं. रात्रभर काकांचा पाय डोळ्यांपुढे होता.

86 साली 1 जूनला, बेळगावच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला तेव्हा, त्यांच्यावर गोळी कुणी झाडली, हे आपल्याला कधी कळलंच नाही. तो माणूस पिंजऱ्यात उभा राहिला असता, त्याचाही वकील असता, उलटतपासणी झाली असती, तर हुकूम कुणाचा होता एवढं तरी आजीला जाण्याआधी कळलं असतं. या फौजदाराला निदान नाव आहे, दोषारोपपत्र आहे. मेलेल्या पोराची आई प्रत्येक तारखेला येऊन बसते. तिला लागेल असा एक शब्द माझ्या तोंडून जाणार नाही, बाबा.

आई, धारवाडची खोली हवेशीर आहे. डबा चांगला येतो, भाकरी तुझ्यासारखी नाही एवढंच. काल बाजारात रताळी दिसली आणि काकांनी चुलीतल्या राखेत भाजून दिलेलं, हातात धरवत नव्हतं ते रताळं आठवलं. तू फुंकर घालून सोलून द्यायचीस.

आता ऐका. बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही, आणि पाण्याची टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात काढायचा, शेजारच्या दादाला मी फोन केलाय. काकूला यातलं काही सांगू नका. रविवारी येऊन मी तिच्याजवळ बसून सांगेन.

1 जूनला मी हिंडलग्याला हुतात्म्यांना वंदन करायला येणार, दरवर्षीसारखी. लहानपणी बाबांच्या खांद्यावर झोपून यायचे. बाबा, या वर्षी शेजारी उभी राहिलेली नको असेन तर आईला सांगा, मी मागे थांबेन. छत्री मात्र मीच आणते, तुमची काडी मोडलेली आहे.

तुमची
बाळी